उसाच्या मळ्यातील बिबट्या आणि घराचे अंगण

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके आज बिबट्यांच्या वावरासाठी सर्वत्र ओळखले जातात. या भागाचा बराचसा मुलूख एके काळी कोरडवाहू होता. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांतून खेळू लागले आणि जेथे बाजरी पिकत होती तेथे ऊस उभा राहिला. शेतकऱ्याच्या घरी समृद्धी आली. शेतकरी गावठाण सोडून मळ्यात राहावयास गेला. याच काळात उसाच्या दाट आडोशाने बिबट्यालाही निवारा दिला. सुरू ऊस सुमारे बारा महिने व आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. सावली, पाणी व एकांत ही तिन्ही बिबट्याला तेथे मिळतात. मादी उसातच पिलांना जन्म देते. अशा पिलांच्या कित्येक पिढ्यांनी डोंगरातील जंगल पाहिलेलेच नाही.

त्यामुळे बिबट्या 'जंगलातून गावात आला' असे म्हणणे या भागापुरते तरी वस्तुस्थितीला धरून नाही. तो गावाच्या शिवारातच राहतो. प्रश्न आहे तो शिवारातून घराच्या अंगणात तो का येतो, हा.

पिंजऱ्याचा धडा

बिबट्या दिसला की पिंजरा लावण्याची मागणी होते, आणि ती स्वाभाविक आहे. २००१ च्या सुमारास जुन्नर वनविभागात असे अनेक बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्यात आले. पुढे या उपायाच्या परिणामांचा शास्त्रीय अभ्यास झाला. डॉ. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार १९९३ ते २००१ या काळात या विभागात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. २००१ ते २००३ या काळात ते सरासरी १७ वर गेले. त्यांतील प्राणघातक हल्ल्यांचे प्रमाणही वाढले.

याची कारणे बिबट्याच्या स्वभावात आहेत. प्रत्येक बिबट्याचे स्वतःचे ठराविक क्षेत्र असते. तेथून उचललेला प्राणी अनोळखी मुलखात भेदरून जातो, आपल्या जागेकडे परतण्याचा प्रयत्न करतो आणि वाटेत माणसांना सामोरा जातो. इकडे रिकाम्या झालेल्या क्षेत्रात दुसरा बिबट्या येऊन राहतो. माणसावर हल्ला करणारा प्राणी जेरबंद करणे आवश्यकच असते, व वनविभाग ते करतो. परंतु केवळ दिसला म्हणून पकडलेल्या बिबट्यामुळे गाव निर्धास्त होत नाही.

कुत्री सापडतात, शेळ्या सापडत नाहीत

दुसरा बोलका पुरावा शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यातून मिळतो. तेथे चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक लोकवस्ती असलेल्या शेतीप्रधान खोऱ्यात स्वयंचलित कॅमेरे लावून पाहणी करण्यात आली. दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे वावरत असल्याचे तीत आढळले. त्यांच्या विष्ठेची तपासणी केली असता, वजनाच्या हिशेबाने त्यांचा ८७ टक्के आहार पाळीव व गावात राहणाऱ्या प्राण्यांचा होता. त्यांत एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता, तर शेळ्यांचा अवघा ११ टक्के.

त्या परिसरात शेळ्यांची संख्या मात्र कुत्र्यांच्या सातपट होती! बिबट्याला शेळी नको होती असे नाही. दिवसा शेळीमागे राखण्या असतो व रात्री ती आत कोंडलेली असते. कुत्रे उकिरड्यावर मोकळे हिंडते. जे सहज मिळते ते तो घेतो. बिबट्याला अंगणापासून दूर ठेवण्याचे मर्म या एका तुलनेत आहे: अंगणात त्याला काही मिळू नये.

घर, गोठा व परसदार

या दृष्टीने प्रत्येक कुटुंबाने पुढील गोष्टी कटाक्षाने पाळणे हितावह ठरते.

गोठा बंदिस्त असावा. नुसते कुंपण पुरेसे नाही. बिबट्या उंच उडी घेतो व झाडावर सहज चढतो. म्हणून चारही बाजूंना मजबूत जाळी, वर पक्के छप्पर आणि आतून-बाहेरून नीट लागणारे दार हवे. जाळीचा खालचा भाग जमिनीत पुरावा. छपरावर टेकणाऱ्या झाडाच्या फांद्या छाटाव्यात. कोंबड्यांचे खुराडे व पाळीव कुत्र्याची रात्रीची जागाही अशीच बंद असावी. दारात साखळीने बांधलेले कुत्रे राखण करते असा समज आहे. वस्तुतः ते बिबट्याला दाराशी आणणारे आमिष ठरते.

घराला लागून ऊस लावू नये. घर व पीक यांमध्ये मोकळा पट्टा राखावा, तेथील गवत व झुडपे वेळोवेळी काढावीत. अंगणात व गोठ्यापाशी दिवा असावा. उरलेले अन्न, मेलेल्या कोंबड्या, मांसाचे टाकाऊ भाग बांधावर टाकू नयेत. ते खोल पुरावेत. उकिरड्यावर कुत्री व रानडुकरे जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. सांडलेल्या धान्यावर उंदीर येतात व उंदरांमागे साप, हाही त्याच साखळीचा भाग होय.

सर्वांत मोठी काळजी मुलांची घ्यावयाची आहे. बसलेले किंवा वाकलेले माणूस बिबट्याला लहान जनावरासारखे भासते. लहान मूल तर उभे असतानाही त्याच उंचीचे असते. म्हणून तिन्हीसांजेपासून उजाडेपर्यंत मुलांना एकटे अंगणात सोडू नये. उन्हाळ्यातही उघड्यावर झोपू नये. शौचासाठी अंधारात शेताकडे जाणे टाळावे. घरातील शौचालयाचा वापर येथे आरोग्याइतकाच जीविताचाही प्रश्न आहे. रात्री बाहेर पडणे अटळ असल्यास दोघांनी मिळून जावे, हातात विजेरी व काठी असावी, मोठ्याने बोलत जावे. बिबट्या समोर आल्यास पळू नये, खाली वाकू नये. उभे राहून आवाज करीत हळूहळू मागे सरावे.

कुंपणात थेट वीजवाहिनीचा प्रवाह सोडणे किंवा मेलेल्या जनावरात विष कालवणे हे मार्ग बेकायदेशीर तर आहेतच, पण अशा तारेला चिकटून घरचीच माणसे दगावतात. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो. ते जाणकारांकडून बसवून घ्यावे.

ऊसतोडीचा हंगाम

गळीत हंगामात हा धोका वाढतो. आडोसा एकाएकी तुटतो आणि प्राणी जागा बदलू लागतात. ऊसतोड कामगारांच्या कोप्या उघड्या रानात असतात. त्यांच्या मुलांना दार असलेला निवारा नसतो. त्यांच्यासाठी उजेडाची व सुरक्षित मुक्कामाची व्यवस्था करणे ही कारखाना, शेतकरी व पंचायत यांची संयुक्त जबाबदारी मानली पाहिजे. तोडणीत पिले आढळल्यास त्यांना हाताळू नये, काम थांबवावे व वनकर्मचाऱ्यांना कळवावे. पिले त्याच शेतात ठेवली असता मादी बहुधा रात्री येऊन त्यांना घेऊन जाते. पिले नाहीशी झालेली मादी मात्र वस्तीभोवती घिरट्या घालीत राहते.

पंचायत, शाळा आणि शासकीय यंत्रणा

काही गोष्टी एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण, कचऱ्याची विल्हेवाट, वाटेवरील दिवे, कठडा नसलेल्या विहिरींचा बंदोबस्त हे विषय ग्रामसभेपुढे यावयास हवेत. रात्रीच्या वीजपुरवठ्यामुळे शेतकऱ्याला अंधारात पाणी द्यावयास जावे लागते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसारख्या उपक्रमांतून दिवसा वीज मिळणे, हा म्हणूनच बिबट्याच्या प्रश्नावरचाही एक उपाय आहे. शिक्षकांनी मुलांना वाटेने घोळक्याने येण्या-जाण्याची शिस्त लावावी व शाळा सुटण्याची वेळ अंधारापूर्वीची ठेवावी.

जनावर दगावल्यास ते जागेवरून न हलविता वनरक्षकास तत्काळ कळवावे, म्हणजे पंचनामा होऊन अर्थसाहाय्य मिळण्यात अडचण येत नाही. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक प्रत्येक वस्तीवर ठळक लिहिलेला असावा. बिबट्या विहिरीत पडला वा घरात शिरला, तर तेथे जमणारी गर्दीच सर्वाधिक घातक ठरते. ती आवरण्याचे काम सरपंच व पोलीस पाटील यांनी पुढे होऊन करावे.

२०२५ च्या ऑक्टोबर व नोव्हेंबर महिन्यांत शिरूर तालुक्यात बालकांचे बळी गेले आणि संतप्त लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. ज्या घरातील मूल गेले त्या घराला आकडेवारीने धीर देता येत नाही, आणि त्या संतापाची अवहेलनाही कोणी करू नये. पण पुढचे मूल वाचवावयाचे, तर पिंजरा येण्याची वाट पाहत बसून चालणार नाही.

अकोले-जुन्नरच्या आदिवासी भागात, वसुबारसेच्याच दिवशी, वाघबारस साजरी होते. गुरांच्या रक्षणासाठी त्या दिवशी वाघदेवाला साकडे घातले जाते. वाघाचे अस्तित्व मान्य करून गुरे मात्र राखायची, हे शहाणपण त्या रीतीमागे आहे. संध्याकाळी गोठ्याचे दार लावणे, मुलांना घरात घेणे आणि अंगण स्वच्छ ठेवणे हा त्याच शहाणपणाचा आजचा आचार होय. तो एका घराने पाळला तर ते घर सुरक्षित राहील. सबंध वस्तीने पाळला, तर बिबट्याला त्या वस्तीकडे वळण्याचे कारणच उरणार नाही.