गर्भाची अंगप्रत्यंगनिर्मिती : संहितोक्त विचार व चिकित्सकाचे दायित्व

गर्भशरीरात प्रथम कोणते अंग उत्पन्न होते, हा प्रश्न संहिताकारांनी विस्ताराने चर्चिला आहे. सुश्रुत शारीरस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात शौनक शिर, कृतवीर्य हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हस्तपाद, तर सुभूति गौतम मध्यशरीर प्रथम मानतात. धन्वंतरींचा निर्णय असा की सर्व अंगे एकाच वेळी उत्पन्न होतात; सूक्ष्मत्वामुळे ती दिसत नाहीत. त्यासाठी वेळूचा कोंब व आम्रफळ यांचे दृष्टांत दिले आहेत. कोवळ्या आंब्यात केसर, मज्जा, कोय वेगळी ओळखता येत नाहीत. कालांतराने तीच व्यक्त होतात. चरक शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायातही हाच वाद असून निर्णय हाच आहे.

आधुनिक गर्भविज्ञानानुसार तिसऱ्या आठवड्यात गर्भाचे तीन स्तर बनतात. बाह्यस्तरापासून मेंदू, सुषुम्ना व बाह्यत्वचा. मध्यस्तरापासून हृदय, रक्तवाहिन्या, वृक्क, अस्थी व पेशी. अंतःस्तरापासून महास्रोतसाचे अंतःआवरण तसेच यकृत व फुप्फुस यांचा मुख्य पेशीभाग तयार होतो. सुमारे २२व्या दिवशी हृदयस्पंदन सुरू होते. मज्जानलिका सुमारे २८व्या दिवसापर्यंत बंद होते. त्याच सुमारास हस्तपादांचे अंकुर उमटतात. आठव्या आठवड्याअखेर बहुतेक अवयवांची मूळ रचना सिद्ध झालेली असते.

अनेक अवयवांचा आरंभ त्याच काही आठवड्यांत होतो, या अर्थी धन्वंतरींचे मत लक्षणीय ठरते. तथापि ओढूनताणून मेळ घालणे शास्त्रास शोभत नाही. सुश्रुतांनी हात, पाय व शिर यांच्या पाच पिंडका तिसऱ्या मासात, तर हृदयाची अभिव्यक्ती चौथ्या मासात सांगितली आहे. सूक्ष्मदर्शकाने दिसणारा काळ याहून पुष्कळ आधीचा आहे. हा भेद विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावा.

चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्व आहे ते काळाचे. वरील दिवस गर्भधारणेपासूनचे आहेत. २८ दिवसांचे नियमित ऋतुचक्र धरल्यास मज्जानलिका बंद होते तेव्हा पाळी चुकून अवघे दोन आठवडे झालेले असतात. पुष्कळ स्त्रिया त्यानंतरच वैद्याकडे येतात. १९५७ साली पश्चिम जर्मनीत विक्रीस आलेले थॅलिडोमाइड हे औषध १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. तोवर सहस्रावधी बालके अवयवविकृतीसह जन्मली होती. शेवटच्या पाळीपासून सुमारे ३४ ते ५० दिवसांत ते घेणे विशेष घातक ठरले. याउलट, आधीच्या अपत्यात मज्जानलिकेचा दोष असलेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक अॅसिड घेतल्यास पुनरावृत्ती सुमारे ७२ टक्क्यांनी टळते, असे १९९१ च्या ब्रिटिश अभ्यासात आढळले.

म्हणून वैद्यबंधुभगिनींनी पुढील नियम पाळावेत :

१) प्रजननवयातील विवाहित स्त्रीस वमन-विरेचनादी शोधन वा पारद, नाग इत्यादींचे रसकल्प देण्यापूर्वी शेवटच्या पाळीची तारीख विचारून नोंदवावी. शंका असल्यास मूत्रपरीक्षा करावी.

२) अपत्येच्छू स्त्रीस गर्भधारणेच्या आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड घेण्यास सांगावे. पूर्वीच्या अपत्यात दोष असल्यास अधिक मात्रेसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

३) अपस्मार, मधुमेह इत्यादींची चालू औषधे परस्पर बंद न करता गर्भधारणेपूर्वीच संबंधित तज्ज्ञांशी विचारविनिमय करावा.

ऋतु, क्षेत्र, अंबु व बीज या चार घटकांची शुद्धी आचार्यांनी गर्भधारणेपूर्वीच अपेक्षिली आहे. अंगनिर्मितीचा काळ पाहता तिचे प्रयोजन सहज ध्यानी येते.