शेक घ्यायला अकोल्याला

१. "दुखतच नाई, तं दवाखान्यात कायले जावं?" मानेत गाठ आली तेव्हा हे माझ्या बाबांचं पालुपद. लिम्फोमाची, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरची, गाठ बहुधा दुखत नाहीच. मानेतल्या गाठीवर आपल्याकडे आधी टीबीचा संशय घेतात, त्यात गैर काही नाही. पण नुसत्या सुईच्या तपासणीवर थांबू नका. गाठ किंवा तिचा तुकडा काढून तपासला की नेमका प्रकार कळतो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हे पारावरचं शास्त्र.

२. "या वयात कशाले जाळून घेता?" असं विचारणारे नातेवाईक भेटतातच. वयाआधी प्रकार आणि टप्पा विचारा. बाबांचा फॉलिक्युलर लिम्फोमा, सावकाश वाढणारा, पहिल्या टप्प्यातला. अशा वेळी बऱ्याचदा नुसत्या शेकावर, म्हणजे रेडिएशनवर, भागतं, केमो लागत नाही. नेहमीचा डोस २४ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), १२ भागांत. शनिवार-रविवार सुट्टी धरून अडीच आठवडे. फार थकलेल्या माणसाला ४ ग्रे दोनच भागांत देता येतात. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पाच वर्षांनंतर २४ ग्रेवाल्या दहांपैकी सुमारे नऊ जणांत त्या जागेचा आजार आटोक्यात होता, ४ ग्रेवाल्यांत सुमारे सात. मला तो सातचा आकडा मोठा वाटतो. ज्याला दोनच फेऱ्या झेपतात, त्याच्यासाठीही काही आहे. झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमाचं गणित वेगळं. तिथे सहसा आधी केमो.

३. मशीनखाली काही मिनिटं, दुखत काहीच नाही. दमवतो तो रस्ता. वाशिम ते अकोला ऐंशीएक किलोमीटर, रिसोडकडच्या खेड्यातून आणखी जास्त. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, पण फुकटच्या सीटवरही कंबर धरतेच. आम्ही अकोल्यात खोली केली. रेल्वेने मुंबई-नागपूर गाठायचं असेल, तर कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी स्लीपरचं तिकीट माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत. दवाखान्याचा दाखला तेवढा हवा.

४. रेशन कार्ड आणि आधारवरचं नाव घरीच जुळवून पाहा. दवाखान्यात पहिल्यांदा आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला, गाठा; महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शेक बसतो.

५. मानेला शेक असेल तर आधी दात दाखवा. तोंड कोरडं पडतं, घसा धरतो. पातळ भाकरी-वरण, ताक चालतं. मान हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा साचा बसवतात. बाबांना वाटलं, आता गुदमरतो. तंत्रज्ञाने साचा आधी नुसता हातात दिला, भोकांतून बोट घालून दाखवलं, मग ते निमूट पडले. शेकासाठी अंगावर खुणा केल्या असतील, तर त्यांची शाई घासून धुऊ नका, वर हळद-तेलही नको.

६. नातवंडांना मांडीवर बसू द्या. बाहेरून दिलेला शेक अंगात उरत नाही. आमच्या शेजारणीला हे पटलं नाही, तो तिचा प्रश्न.

७. थकवा शेक संपल्यावरही काही आठवडे टिकतो. फॉलिक्युलर वर्षांनंतर दुसरीकडे उगवू शकतो, म्हणून तपासण्या चालूच राहतात. तारीख सोयाबीनच्या सोंगणीत आली, तर फोन करून पुढची मागून घ्या.