कर्जतला गाडीला मागून इंजिनं कशासाठी?

प्रश्न : मुंबईहून पुण्याला येताना कर्जतला गाडीच्या मागे आणखी इंजिनं जोडतात. घाट चढायला जादा जोर लागतो हे समजतं, पण ती मागेच का? पुढे जोडली तर काय बिघडेल? आणि वंदे भारतला ती का लागत नाहीत?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : कर्जत ते लोणावळा अंतर जेमतेम 28 किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी साडेपाचशे मीटरहून अधिक वर येते. बोरघाटातला सर्वांत कठीण चढ 37 मीटरला 1 मीटर असा आहे. मोटारीला तो जाणवणारही नाही, पण पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड फारच थोडी असते. अठरा डब्यांची गाडी या चढावर असते तेव्हा तिचं तोंड शेपटापेक्षा अकरा मीटर, म्हणजे जवळजवळ चार मजले उंच असतं. गाडी 900 टनांची धरली तर उतार तिला 24 टनांच्या जोराने मागे ओढत असतो. त्यात आषाढातला पाऊस. रुळावर वाळू सोडली तरी एकट्या इंजिनाची चाकं जागच्या जागी गरगरू लागतात.

म्हणून कर्जतला ‘बँकर’ लागतात, गाडीच्या वजनाप्रमाणे दोन किंवा तीन. फलाटावरचे प्रवासी वडापावच्या मागे असतात तेव्हा ही इंजिनं सावकाश मागून येऊन टेकतात. डब्यात बसलेल्याला फक्त एक हलका धक्का कळतो.

आता ती मागेच का? पुढच्या इंजिनाने गाडी ओढली की सगळ्या गाडीचं ओझं पहिल्या कपलिंगवर, म्हणजे इंजिन आणि डबा जोडणाऱ्या सांध्यावर येतं. पुढेच आणखी इंजिनं जोडली तर जोर वाढेल, पण तो सगळा त्या एकाच कपलिंगमधून जाईल. घाटातल्या वळणांवर फार ओढ बसली तर डबे वळणाच्या आतल्या बाजूला खेचले जाण्याचीही भीती. मागून रेटा मिळाला की निम्मी गाडी ओढली जाते, निम्मी ढकलली जाते आणि मधल्या कपलिंगांवर ताण जवळपास उरत नाही. दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. चढावर कपलिंग तुटलंच, तर सुटलेल्या डब्यांच्या खाली बँकर उभे असतात. डब्यांचे ब्रेक आपोआप लागतात हे खरं, पण या घाटात एकाच उपायावर कुणी विसंबत नाही. उतरणाऱ्या गाड्यांचंही तसंच. मंकी हिल, ठाकूरवाडीसारख्या ठिकाणी त्यांना थांबावंच लागतं. न थांबलेली, ब्रेक न लागणारी गाडी मुख्य मार्गावर न जाता ‘कॅच सायडिंग’मध्ये, म्हणजे चढ असलेल्या आंधळ्या रुळावर शिरते आणि तिथे तिचा वेग मरतो.

हा घाट बांधायला 1856 साली सुरुवात झाली आणि 1863 मध्ये गाड्या धावू लागल्या. 1859 मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ते कंत्राट स्वतः हाती घेऊन पुरं केलं. तिचं नाव निदान आज कुठेतरी वाचायला मिळतं. कड्यावर दोराने लोंबकळत सुरुंगासाठी भोकं पाडणारे आणि कॉलऱ्याने मेलेले हजारो मजूर आपल्याला नावानिशी माहीत नाहीत. पळसदरी सोडल्यावर एकामागून एक बोगदे येतात, मधल्या फटीतून पांढरे धबधबे दिसतात आणि आपण मोबाइल बाहेर काढतो. त्यातले जुने बोगदे कुणीतरी हाताने फोडले आहेत. तेव्हा तर घाटात एक रिव्हर्सिंग स्टेशनही होतं. वळायला जागाच नसल्याने गाडी तिथे थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ चढायची. 1920च्या दशकाच्या अखेरीस नवा मार्ग झाला आणि हा खटाटोप संपला.

राहिली वंदे भारत. तिला वेगळं इंजिनच नाही. सोळा डब्यांच्या गाडीत निम्म्या डब्यांखाली मोटारी असतात. म्हणजे जोर लावणारी चाकं गाडीभर पसरलेली आणि त्यांच्यावर डब्यांचं, प्रवाशांचं वजनही पडलेलं. पकड भरपूर मिळते, शिवाय कुठल्याच एका कपलिंगवर सगळी ओढ येत नाही. बँकर जे काम शेपटाला उभे राहून करतात, ते इथे गाडीच्या पोटातच होतं. म्हणून मुंबई–सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी 2023मध्ये सुरू झाली तेव्हापासून बँकरशिवाय बोरघाट चढते आहे.