आजोबांचा हात आणि आपली लॅब

दिवाळीत गावी गेलो तेव्हा आजोबांच्या हातातली बशी थरथरत होती. अर्धा चहा धोतरावर. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला, म्हणजे आपला कंपवात. घरचे म्हणाले, "वय झालं." मला काही ते पटेना, म्हणून परत आल्यावर लायब्ररीत बसलो.

१९८२ साली कॅलिफोर्नियात काही तरुण व्यसनी एकाएकी पुतळ्यासारखे ताठरले. ना हलता येई, ना बोलता. डॉ. विल्यम लँगस्टन यांनी छडा लावला. त्यांनी टोचून घेतलेल्या बनावट हेरॉइनमध्ये एमपीटीपी नावाचं रसायन होतं. शरीरात त्याचं एमपीपी प्लस बनतं आणि ते मेंदूतल्या डोपामीन तयार करणाऱ्या पेशींचं पॉवरहाऊसच बंद पाडतं.

या एमपीपी प्लसचा रचनेतला चुलतभाऊ म्हणजे पॅराक्वाट, तणनाशक! २०११ साली अमेरिकेत फवारणी करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरलेल्यांत कंपवाताचं प्रमाण सुमारे अडीचपट निघालं. आजोबांनी उसात वर्षानुवर्षं पाठीवरचा पंप घेऊन तणनाशक मारलं, तेही उघड्या हातांनी. त्यानेच झालं असं मी म्हणत नाही. वय आहे, आनुवंशिकता आहे, एका माणसाबद्दल असं छातीठोक सांगता येत नाही. पण त्याच अभ्यासाचा पुढचा भाग २०१५ साली आला, तो वाचून मी सरळ बसलो. हातमोजे घालणाऱ्यांत पॅराक्वाटचा हा संबंध दिसलाच नाही.

आता आपल्याकडे या. डांबर वेगळं करायच्या प्रॅक्टिकलला जे गोडसर वासाचं द्रावण वापरतो, ते ट्रायक्लोरोइथिलीन. अमेरिकेत कँप लेज्यून या लष्करी तळाच्या पिण्याच्या पाण्यात हे मिसळलं होतं. २०२३ च्या अभ्यासात तिथल्या माजी सैनिकांना कंपवाताचा धोका दुसऱ्या तळावरच्यांपेक्षा ७० टक्के जास्त आढळला. आणि आम्ही? उरलेल्या द्रावणाने बोटांचं डांबर पुसायचो आणि तसेच मेसला पळायचो. वा रे भावी इंजिनिअर!

डांबर खाद्यतेलाने आणि साबणानेही निघतं. प्रॅक्टिकल खिडक्या उघडून, एक्झॉस्ट चालू ठेवून करावं. पातळ सर्जिकल मोज्यांच्या भरवशावर राहू नका, हे द्रावण त्यातून लवकर आरपार जातं. आणि इग्निशन ओव्हन असेल तर द्रावण लागतच नाही, डांबर जाळूनच त्याचं प्रमाण काढता येतं. लॅबच्या मामांचा विचार तर करायलाच हवा. आपण सेमिस्टरला एकदा हुंगतो, ते प्रत्येक बॅचला. सरांकडे ओव्हनसाठी अर्ज दिलाय, सह्या करायला रूमवर या.

बाबांनाही फोन केला. म्हटलं, रबरी मोजे घाला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका, आल्याबरोबर साबणाने आंघोळ करा. ते म्हणाले, "रस्ते बांधायला शिकायला पाठवलं की डॉक्टरकी?" पण काल आईने सांगितलं, तालुक्याहून दोन जोड आणलेत.