भीमाकाठची थंडी आणि पामचा एकुलता एक कोंब

दिवाळी सरली की वडगाव रासाईच्या शिवारात ऊसतोडीची गडबड सुरू होते आणि बांधावरच्या नारळाकडे, बंगल्यापुढच्या पामकडे किंवा विक्रीसाठी वाढवलेल्या रोपांकडे बघायला कुणाला सवड राहत नाही. पामला जपायचे दिवस मात्र हेच, डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचे. आपल्याकडे हिमवर्षाव होत नाही. पण आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा 6 ते 8 अंशांवर, अशा काही रात्री बहुतेक वर्षी येतातच. 1935 च्या जानेवारीत पुण्याचा पारा 1.7 अंशांपर्यंत उतरला होता. अशी रात्र क्वचितच येते, पण आली की लहान रोपांचा निकाल लावूनच जाते.

आंबा, लिंबू थंडीने करपले तरी खालून फुटतात. नारळ, खजूर, शिंदी आणि शोभेच्या बहुतेक पामना मात्र खोडागणिक वाढीचा एकच कोंब असतो आणि तो शेंड्यात, झावळ्यांच्या गाभ्यात दडलेला असतो. तो पुरता कुजला की ते खोड संपलं, मग बुंध्याला कितीही खत घाला. म्हणून झावळ्या करपल्या तर घाबरायचं कारण नाही, कोंब मात्र जपलाच पाहिजे.

आता जातींचं बघू. आपल्या ओढ्याकाठची शिंदी थंडी, ऊन, चोपण जमीन सगळं सोसते. तिचा जवळचा नातलग खजूरही तसाच, थोडा वेळ शून्याखाली पारा गेला तरी मोठं झाड तगतं. त्यामुळे बरहीसारख्या जातीची ऊतिसंवर्धित रोपं लावणाऱ्यांनी थंडीची फार धास्ती घेऊ नये. त्यांचा खरा शत्रू पाऊस. फळं पिवळी होऊन काढणीला येतात ती नेमकी जून-जुलैत. नारळात बाणवलीसारखी उंच जात ठेंगण्या जातींपेक्षा काटक निघते. पण नारळाला सरासरी 27 अंशांचं हवामान मानवतं, म्हणून हिवाळ्यात त्याची वाढ मंदावते, झावळ्या पिवळट पडतात, बारीक फळांची गळ वाढते. कोकणातल्या झाडाशी त्याची तुलना करू नये. सुपारी, अरेका आणि बॉटल पाम सगळ्यांत नाजूक. उघड्या रानात त्यांच्यावर पैसा घालावा असं मला वाटत नाही, घराच्या दक्षिण भिंतीच्या आडोशाला एखाददुसरं झाड ठीक.

'बर्फातही टिकणारा पाम' म्हणून महाग रोप गळ्यात मारणारेही भेटतात. असे पाम खरोखर आहेत. चीनमधला चुसान पाम इंग्लंडातल्या बागांतून वाढतो आणि कुमाऊंच्या डोंगरात दोन हजार मीटरच्या वर त्याचाच एक भाऊबंद आहे. पण त्यांना थंड, दमट उन्हाळा लागतो. मे महिन्यात चाळिशी गाठणाऱ्या शिरूर-दौंडच्या उन्हात ते कशाला नांदतील? आपल्याला दोन्ही टोकं सोसणारं झाड हवं आणि ते शिंदी-खजुराच्या कुळात आहे.

आता गारठा नेमका कुठे बसतो ते बघू. पुण्यात 1932 साली कृषी हवामान विभाग सुरू झाला. त्याचं काम बघणाऱ्या एल. ए. रामदास यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत जास्त गारठा मातीला लागून नसतो, तिच्यापासून वीतभर ते दीड फूट उंचीवर असतो. दोन वर्षांच्या रोपाचा कोंब नेमका याच उंचीवर येतो. मोठं झाड धडधाकट आणि शेजारचं रोप गेलेलं, यामागचं हे एक कारण. शिवाय गार हवा जड असल्याने उताराने नदीकडे जाऊन साचते, म्हणून रोपांचे वाफे आणि पिशव्या मळईत नकोत, माळाच्या बाजूला ठेवाव्यात.

थंडीची लाट येणार असा हवामान खात्याचा इशारा आला की त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पाणी द्यावं. ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. विहिरीचं पाणी अशा रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असतं, ते उत्तम. थ्री-फेज वीज रात्रीचीच असेल तर आदल्या रात्री पाणी द्या, पण बिबट्याच्या पट्ट्यात एका रोपापायी रात्री एकट्याने उसात शिरू नका. पाणी बुंध्याला द्यावं, शेंड्यात साचू देऊ नये.

लहान रोपाच्या झावळ्या सुतळीने सैल बांधून वर गोणपाट किंवा जुनं लुगडं गुंडाळा. प्लॅस्टिक पानाला चिकटवू नका, आणि ऊन आलं की आच्छादन काढा. उसाच्या पाचटाबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल. एरवी पाचटाचं आच्छादन उत्तमच, पण कोरडं पाचट मातीची ऊब रात्री वर येऊ देत नाही. थंडीच्या लाटेच्या त्या चार रात्रींपुरतं ते रोपाभोवती दोन-तीन फूट बाजूला सारावं. धुराचा प्रयोग जुना असला तरी नुसत्या धुराने फारशी ऊब मिळत नाही, आणि वाळल्या उसाशेजारी जाळ करणं परवडणारं नाही.

ऑक्टोबरनंतर युरिया थांबवा, पालाशाचा हप्ता मात्र चुकवू नका. उशिराच्या नत्राने आलेली कोवळी फूटच आधी मरते. उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या नर्सऱ्यांत बरीच रोपं आंध्रातल्या कडियमच्या उबदार हवेतून येतात. हिवाळ्यात आणलेलं असं रोप थेट रानात लावू नका, शेडनेटखाली ठेवून फेब्रुवारीअखेर किंवा पावसाळ्याच्या तोंडावर लावा.

थंडीने झावळी तपकिरी झाली तरी निदान फेब्रुवारी संपेपर्यंत छाटू नका. हिरव्या भागाला झालेल्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, आणि वाळकी झावळीही कोंबाला आडोसा देते. मधला कोंब हलकेच ओढून पाहा. सहज उपटून आला आणि घाण वास आला तर सडलेला भाग खरवडून 1 टक्का बोर्डो मिश्रण गाभ्यात ओता. त्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी हे प्रमाण धरा. ते ताजंच वापरा आणि लोखंडी भांड्यात करू नका. कोंब घट्ट असेल तर काहीच करू नका. नवी झावळी यायला मे उजाडतो आणि पहिलं पान वेडंवाकडं निघतं, पुढची नीट येतात. तेव्हा कोंब घट्ट असलेलं झाड जूनपर्यंत उपटू नका.