संतोष कोणाला सांगावा?

(द्वितीय वर्ष कला)

'माणसाने समाधानी असावे' हा उपदेश आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण उपदेश करणारा बहुधा पोटभर जेवलेला असतो आणि ऐकणारा अर्धपोटी, हेही आपण पाहतो. मग संतोष हा सद्गुण म्हणायचा, की गरिबाला गप्प बसविण्याची युक्ती? माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढले नव्हते. 'आहे त्यात समाधान' असे म्हणून वडिलांनी मला सातवीनंतर मजुरीला धाडले असते, तर ते शहाणपण ठरले असते काय? ख्रिस्ती धर्मशास्त्र या प्रश्नाचे काय उत्तर देते, हे पाहण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

मोशेला मिळालेल्या दहा आज्ञा 'निर्गम' या ग्रंथाच्या २० व्या अध्यायात आहेत. खून, व्यभिचार, चोरी, खोटी साक्ष या कृती झाल्या. त्या इतरांना दिसू शकतात. दहावी आज्ञा मात्र लोभाची, म्हणजे मनाची आहे. या अपराधाला साक्षीदार नसतो. शेजाऱ्याचे घर, बायको, दास, दासी, बैल, गाढव अशी तिथे यादीच दिली आहे, आणि त्या एका वचनात 'शेजारी' हा शब्द तीनदा येतो. म्हणजे निषेध आहे तो इच्छेचा नव्हे, तर दुसऱ्याच्या वस्तूवर डोळा ठेवण्याचा. या आज्ञेतील मूळ हिब्रू क्रियापदाच्याच धातूपासून झालेला शब्द 'उत्पत्ती'च्या २ ऱ्या अध्यायात एदेन बागेतील झाडांचे सौंदर्य सांगताना वापरला आहे. सुंदर वस्तू आवडणे हे पाप नाही. आपण शिकावे, आपले घर पक्के असावे, असे वाटणे हाही लोभ नव्हे. शेजाऱ्याचे मोडून आपले बांधावेसे वाटू लागले, की लोभ सुरू झाला.

हे कसे घडते ते अहाब राजाच्या कथेत (१ राजे, अध्याय २१) दिसते. राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. त्याने बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले. पण वाडवडिलांचे वतन विकण्यास नाबोथाने नकार दिला. एवढ्या राज्याचा धनी, पण अन्न न घेता तोंड फिरवून पडून राहिला! पुढे ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि नाबोथाला दगडमार करून ठार करविले. मग राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. पाहा, एका दहाव्या आज्ञेचे उल्लंघन झाले आणि खोटी साक्ष, खून, चोरी या तिन्ही आज्ञा त्यामागोमाग मोडल्या. एलीया संदेष्टा गेला तो राजाला जाब विचारायला. 'मळा देऊन टाक आणि समाधानाने राहा' असे नाबोथाला कोणी सांगितले नाही.

नव्या करारातही हेच दिसते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे, असे विचारू लागले (लूक ३). कोणावर जुलूम करून पैसे उकळू नका, खोटे आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात तृप्त राहा, असे त्याने सांगितले. ज्यांच्या हाती शस्त्र होते, त्यांना संतोषाचा उपदेश! उलट याकोबाच्या पत्राच्या ५ व्या अध्यायात, मजुरांची मजुरी अडवून ठेवणाऱ्या धनिकांना खडसावले आहे. मजुरांचा आक्रोश देवाच्या कानी पोचतो, असे तो म्हणतो. मजुरांनी अडकलेली मजुरी विसरावी, असे तो म्हणत नाही.

मग गरिबाने संतोषाचे काय करावे? याचे उत्तर पौलाच्या जीवनात आहे. फिलिप्पैकरांना पत्र लिहिताना तो बंदिवासात होता. आपण कोणत्याही स्थितीत संतुष्ट राहायला 'शिकलो' आहोत, असे तो ४ थ्या अध्यायात सांगतो. संतोष हा जन्मजात स्वभाव नसून शिकण्याची विद्या आहे, ही गोष्ट आपण विद्यार्थ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. तो टंचाईत राहण्यास शिकला तसाच विपुलतेत राहण्यासही. म्हणजे श्रीमंतालाही हा धडा गिरवावाच लागतो. 'संतुष्ट' या अर्थी त्याने वापरलेला ग्रीक शब्द स्टोइक तत्त्वज्ञांचा होता. त्यांच्या मते ज्ञानी पुरुष स्वतःच्याच बळावर पूर्ण असतो. पौल मात्र आपले बळ ख्रिस्ताकडून येते असे म्हणतो, आणि मित्रांनी एपफ्रदीताच्या हाती पाठविलेली मदत आनंदाने स्वीकारतो. मदत घेतल्याने त्याचा संतोष उणा झाला नाही.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२). त्यांचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळात गेले. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील उपाशी मुली व विधवा त्यांनी केडगावला आणल्या. भुकेत समाधान माना, असे त्यांनी त्या मुलींना सांगितले नाही. त्यांना अन्न दिले, अक्षरे शिकविली, हाताला काम दिले. स्वतःच्या गरजा कमी करणे आणि दुसऱ्याची भूक आपली मानणे, या दोन्ही गोष्टी एकाच जीवनात नांदू शकतात.

सारांश, संतोष ही स्वतःला घालून घेण्याची शिस्त आहे. दुसऱ्याच्या तोंडावर मारण्याचा उपदेश नव्हे. मित्राला पहिला वर्ग मिळाला म्हणून आपल्या दुसऱ्या वर्गाचा आनंद नासू लागला, तर तिथे दहावी आज्ञा आपल्यासाठी आहे. पण एखाद्याची शिष्यवृत्ती अडली असेल, तर त्याला संतोष शिकवू नये. त्याच्याबरोबर कचेरीत जावे.