वेबसाइटची दुरुस्ती : मूळ थीमला हात लावू नका

आपल्या अनेक व्यापारी बंधूंनी दुकानाची वेबसाइट करून घेतली आहे. परंतु ती कशी बांधली आहे, याची चौकशी फार थोडे जण करतात. मीही केली नव्हती. माझ्या वेबसाइटवर कारागिराने रंग बदलले, उर्दू मजकूर उजवीकडून दिसण्याची सोय केली आणि तळाशी ठोक खरेदीचा फोन नंबर बसवला. काही महिन्यांनी ‘अपडेट’ची सूचना आली. मी बटण दाबले आणि ऐन सणाच्या हंगामात हे सारे फेरफार पुसले गेले. आठ दिवस गिऱ्हाइकांना नंबरच दिसला नाही. हे नुकसान टाळता आले असते. कसे, ते पाहू.

थीम म्हणजे काय?

वर्डप्रेस ही वेबसाइट बांधण्याची मोफत प्रणाली 2003 साली सुरू झाली. तिच्यात मजकूर आणि मालाची माहिती डेटाबेसमध्ये राहते. वेबसाइटचे रूप मात्र ‘थीम’ ठरवते. थीम म्हणजे फाइलींचा एक फोल्डर. अपडेट होताना जुना फोल्डर जाऊन त्या जागी नवा येतो. म्हणून त्या फाइलींत हाताने केलेले बदल नष्ट होतात. मजकूर सुरक्षित राहतो.

आपल्या धंद्यातील उदाहरण घ्या. मूळ ताक्यावरच भरतकाम केले आणि ताका बदलला, तर मेहनत वाया गेली. तेच काम वेगळ्या ओढणीवर केले, तर खालचे कापड बदलले तरी ओढणी कायम. ही ओढणी म्हणजे ‘चाइल्ड थीम’. खालचे कापड म्हणजे ‘पेरेंट थीम’.

फ्रेमवर्क कशाला म्हणतात?

काही पेरेंट थीम खास अशाच कामासाठी बांधलेल्या असतात. पायाभूत काम त्यांत तयार असते आणि ठरावीक जागी ‘हुक’, म्हणजे आपले काम अडकवण्याच्या खुंट्या, ठेवलेल्या असतात. त्यांना थीम फ्रेमवर्क म्हणतात. जेनेसिस हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

कृती

1. प्रथम संपूर्ण वेबसाइटची प्रत, म्हणजे बॅकअप, घ्यावी.

2. थीम्सच्या फोल्डरात चाइल्ड थीमसाठी नवा फोल्डर करावा.

3. त्यात स्टाइल.सीएसएस ही फाइल ठेवावी. नाव रोमन लहान अक्षरांतच लिहावे. फाइलीच्या आरंभी ‘थीम नेम’ व ‘टेम्प्लेट’ या दोन ओळी असाव्यात. ‘टेम्प्लेट’पुढे मूळ थीमच्या फोल्डरचे नाव जसेच्या तसे हवे, एक अक्षर चुकले तरी काम होत नाही.

4. मूळ थीमची सजावट आपोआप लागत नसेल, तर फंक्शन्स.पीएचपी या फाइलीतून ती जोडावी.

5. ‘अपिअरन्स’मध्ये जाऊन चाइल्ड थीम चालू करावी. मेनू आणि लोगो पुन्हा तपासावेत. थीम बदलली की ते कधी कधी नव्याने बसवावे लागतात.

खबरदारी

मूळ थीममधील एखादी फाइल, समजा तळपट्टीची, त्याच नावाने चाइल्डमध्ये ठेवली, तर वर्डप्रेस आपली फाइल वापरते. परंतु फंक्शन्स.पीएचपीचा नियम वेगळा आहे. ती दोन्हीकडची चालते; आधी चाइल्डची, मग मूळची. म्हणून ती पूर्ण उतरवून घेऊ नये. तेच फंक्शन दोनदा आले, तर वेबसाइट बंद पडू शकते.

तसेच उतरवलेल्या फाइलीला मूळ थीमच्या सुधारणा मिळत नाहीत. म्हणून गरजेपुरत्याच फाइली उतरवाव्यात, आणि हुकने काम होत असेल तर तेही टाळावे.

जानेवारी 2022 मध्ये आलेल्या 5.9 आवृत्तीपासून ‘ब्लॉक थीम’ची सोय आहे. त्यात एडिटरमधून केलेले बदल डेटाबेसमध्ये राहतात. नुसते रंग व अक्षरे बदलायची असतील, तर अशा वेबसाइटला चाइल्ड थीमची गरज सहसा पडत नाही.

कारागिराला पैसे चुकते करण्याआधी दोन प्रश्न जरूर विचारा : माझे फेरफार कोठे ठेवले आहेत? आणि अपडेट माझ्यासमोर करून दाखवाल का? माल तपासल्याशिवाय आपण बिल देत नाही. येथेही तोच नियम पाळावा. अपडेटच्या भीतीने ते करणेच सोडू नये. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात.